पानात न बसलेल्या तीन ओळी

पुणे, रविवार, १६ एप्रिल २०२३

प्रिय रिबका आत्या,

शालोम. पेसाहच्या सणाचे आठ दिवस पार पडले. आई म्हणते यंदा बिनखमिराच्या भाकऱ्या छान झाल्या होत्या. मला पुठ्ठा खाल्ल्यासारखं वाटलं, पण मी बोललो नाही. तुझ्या पत्राचे फोटो तुझी नात शिरा पाठवते ते मी दुकानात मोठ्या पडद्यावर उघडून वाचतो, म्हणजे एकही अक्षर सुटत नाही. तिला माझा नमस्कार सांग.

आता कामाचं. डिप्लोमा अर्धा सोडल्यापासून मी शनिवार पेठेत केदारदादांच्या दुकानात लग्नपत्रिका जुळवतो आणि तपासतो हे तुला माहीत आहे. ते ऐकून प्रार्थनाशाळेचे मुकादम बेन्यामीन काका यांनी माझ्यावर एक काम टाकलंय. दर शब्बाथला, म्हणजे शनिवारी, तोरामधला जो भाग वाचतात, त्या पाराशावर मराठीत एक पान विवेचन छापून वाटायचं. "हिब्रू कळतं कुणाला? सगळे माना डोलावतात आणि घड्याळ बघतात," असं ते म्हणाले. खरं आहे. मी स्वतःही तेच करतो. पण विवेचन लिहिण्याइतकं माझं शिक्षण नाही. चूक झाली तर नाव बाबांचं खराब होईल. तू हजानांच्या, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांच्या हाताखाली शिकलेली आहेस. तू लिही, मी जुळवीन.

या आठवड्यात तझरिया आणि मत्सोरा हे दोन भाग एकत्र आहेत. मी मराठी भाषांतर काढून बसलो आणि जेवण गेलं नाही. सूज, खवले, पांढरे डाग, डागात पांढरा झालेला केस, उघडं मांस. याजकाने बघायचं, सात दिवस कोंडून ठेवायचं, परत बघायचं. एवढ्या पवित्र पुस्तकात हे कशाला? आणि आजच्या माणसाने त्यातून घ्यायचं काय? त्वचारोगतज्ज्ञाचा पत्ता?

खरं सांगायचं तर किळस येण्याचं आणखी एक कारण आहे. आपल्या प्रार्थनाशाळेत दाराजवळच्या बाकावर शिमशोन काका राजपूरकर बसतात. तुला आठवतात का माहीत नाही. त्यांना कोड आहे. आता सगळं अंग, ओठ, पापण्यासुद्धा पांढऱ्या. मी वाचलंय की कोड लागत नाही. पण माहिती डोक्यात जाते, शिसारी पोटात असते. प्रार्थना संपल्यावर आपल्यात हातबोशी होते, म्हणजे मुकादमांपासून सुरुवात करून एकाने दुसऱ्याचे हात हातात घ्यायचे आणि मग आपलीच बोटं ओठांना लावायची, ती साखळी दारापाशी येते आणि थांबते. शेवटचा माणूस एकदम चपला शोधायला लागतो. मनुकांच्या सरबताचा चांदीचा पेला सगळ्यांत फिरतो, त्यांच्यासाठी मात्र प्लास्टिकचा कप. तो कप बघूनही मला मळमळतं आणि त्यांचे ओठ बघूनही. कोणती किळस खरी, कळत नाही.

पूर्वी त्यांच्या शेजारी बाबा बसायचे. का, कोण जाणे. तीस वर्षं दारातला वारा खात बसले. मला लाज वाटायची. बाबा गेल्यावर मुकादमांनी मला पुढच्या रांगेत घेतलं.

बाबांचं वर्ष १८ सिवानला, म्हणजे ७ जूनला, बुधवारी आहे. कद्दीश, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात, आणि आपल्याकडे दहा म्हणजे मोजून दहाच उरलेत. शहरातल्या मोठ्या ठिकाणी जाऊन उसने दहा मिळतील, पण बाबांनी जिथे तीस वर्षं दिवा लावला तिथल्याच माणसांत ते व्हावं, असं आईला वाटतं. मलाही. रोज झोपण्यापूर्वी मी दहा नावं मोजतो. कुणाला साधा ताप आला तरी मी दोनदा फोन करून विचारतो.

विवेचन गुरुवारपर्यंत हवं.

तुझा भाचा,
योना


दिमोना, इस्राएल, मंगळवार, १८ एप्रिल

योनाबाळा,

शालोम. इथे वाळूचा वारा सुटलाय. दारं-खिडक्या बंद करून बसले आहे. शिरा म्हणते, आजी, तू हाताने कशाला लिहितेस, फोनमध्ये बोल. मी म्हटलं, बोललेलं मागे घेता येतं का हे न बघता बोलायची तुमची सवय. कागदावर माणूस जरा थांबतो.

हे घे तुझं विवेचन.

"या दोन भागांत सांगितलेला डाग डॉक्टरांचा नाही. आपले हजान शिकवायचे की हा डाग वाईट जिभेचा आहे. जो दुसऱ्याविषयी वाईट बोलतो त्याच्या कातडीवर तो उठतो. म्हणून त्याला छावणीबाहेर एकटं बसवायचं, कारण त्याच्या बोलण्याने माणसं एकमेकांपासून तुटली. आजच्या काळात जीभ तोंडातच राहिलेली नाही, ती प्रत्येकाच्या खिशात आहे आणि एका बोटाने शंभर घरांत जाते. ज्याच्या अंगावर डाग उठेल त्याने आठवावं की आपण कुणाविषयी काय बोललो. पण एक ध्यानात धरावं. शिक्षा बोलणाऱ्याला होते असं लिहिलंय खरं, मी पाहिलं त्यात बोलणारी सुखरूप सुटली आणि ज्याच्या अंगावर डाग होता त्यालाच बाहेर बसवलं. म्हणून दुसऱ्याचा डाग बघून हे वाचू नये. आपली जीभ बाहेर काढून आरशात बघावी आणि मग वाचावं."

एवढं पुरे. बाकी तू हुशार आहेस.

दारात वारा फार लागतो का? तुझ्या बाबाला लहानपणापासून दमा होता. तरी बसला म्हणजे बसला.

तुझी
रिबका आत्या


पुणे, रविवार, ७ मे

प्रिय आत्या,

शालोम. उत्तराला उशीर झाला, कारण मला चांगली बातमी लिहायची होती आणि ती आली नाही.

तुझं विवेचन सगळ्यांना आवडलं. मोठ्या ठशात जुळवलं, वर दिव्याचं चित्र, खाली "विवेचन : रिबका, दिमोना". वीस प्रती. एकही चूक नाही, चार वेळा तपासलं. मुकादम म्हणाले, "वा! वाईट जिभेचा डाग. अगदी नेमकं," आणि त्यांनी ते उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं. वाचताना त्यांचं लक्ष दाराकडे होतं. दोघंतिघं वळून बघत होते. एकाने हळूच म्हटलं, "तरीच." मला तेव्हा काही कळलं नाही. मी ठसा बरोबर आलाय का, ते बघत होतो.

शिमशोन काकांनी पान घेतलं, चष्मा लावून खालपर्यंत वाचलं, चार घड्या केल्या, खिशात ठेवलं. किद्दुशच्या सरबताला थांबले नाहीत. त्यांचा प्लास्टिकचा कप तसाच भरलेला राहिला. तो उचलून ओतायचं काम माझ्याकडे आलं. मी कागदाच्या रुमालाने धरला.

त्यानंतरच्या दोन्ही शब्बाथांना ते आले नाहीत. नऊ जण असले की तोरा कपाटातून बाहेर निघत नाही, तुला माहीत आहे. आम्ही नऊ जण बंद कपाटाकडे तोंड करून अर्धी प्रार्थना पुटपुटलो आणि सरबत प्यायलो. मुकादम म्हणाले, "दार तरी आता नीट लावता येतंय. आणि शब्बाथला वाहनात बसू नये, तरी तो बसने यायचा, खराडीहून." म्हणजे त्यांना बस दिसते. तोरा बंद कपाटात राहिली ते दिसत नाही. मला त्यांच्या दातात अडकलेली मनुका दिसत होती आणि तिथून उठून जावंसं वाटत होतं.

पण तुला खोटं लिहिणार नाही. पहिल्या शनिवारी ते आले नाहीत तेव्हा मला आधी बरं वाटलं. नंतर दहा मोजायला गेलो, तर नऊच भरले. ७ जूनला महिना राहिला.

पानाचा फोटो सोबत पाठवतो. एक सांगायचं राहिलं. मजकूर जरा लांब होता. एका बाजूत बसावा म्हणून "पण एक ध्यानात धरावं"पासूनच्या शेवटच्या तीन ओळी काढल्या. केदारदादा म्हणतात, दुसऱ्या बाजूला कुणी बघत नाही. अर्थाला धक्का लागला नसावा.

तुझा,
योना


दिमोना, बुधवार, १० मे

योना,

कोणत्या तीन ओळी, ते मी पानावर बघितलं. चार वेळा तपासलंस म्हणतोस. खाली माझं नाव छापलंस. तेवढ्याला जागा होती.

तुला दोष देत नाही. मी ते अर्धवट लिहिलं. नाव घालून लिहिलं असतं तर तू काढलं नसतंस. आता घालते.

एकोणीसशे त्र्याहत्तर साली माझा साखरपुडा झाला होता. तुझ्या आजोबांनी जावयाला देण्यासाठी नवं घड्याळ आणलं होतं. त्यांनी त्याच्या मनगटावरचं जुनं काढलं, आणि पट्ट्याखाली चार आण्याएवढा पांढरा डाग होता. सगळे पेढे वाटण्यात दंग होते. मी एकटीने बघितला. नवं घड्याळ त्या डागावर बांधलं गेलं. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. एवढ्यावर थांबले असते तर भीती म्हणून सोडून देता आलं असतं. पण मी मैत्रिणींनाही सांगितलं, आणि सांगताना जोडलं, की त्याच्या आईलाही आहे, ती लांब बाह्या घालते ती उगाच नाही. त्या बाईला काहीही नव्हतं. आठवड्यात घड्याळ परत आलं. त्याच्या बहिणीचं ठरत आलेलं लग्नही त्याच आठवड्यात फिसकटलं.

तोरा म्हणते सात दिवस थांबा, मग परत बघा. पट्ट्याने घासून झालेला डागही असू शकला असता. कुणी सात तास थांबलं नाही. दोन वर्षांनी मी दुसऱ्याशी लग्न करून इकडे आले आणि माझी कातडी आजतागायत स्वच्छ आहे. सत्तर वर्षांची झाले तरी बायका विचारतात, काय लावतेस. मला त्या कौतुकाची ओकारी येते.

ज्याचं घड्याळ परत आलं तो शिमशोन. तुझा बाबा तेव्हा बारा वर्षांचा होता. घड्याळाचा डबा त्याच्याच हातून परत मागवला होता. आता तो तीस वर्षं दारात का बसला ते तुला कळलं असेल.

मी पन्नास वर्षांनी पुन्हा एकदा त्याला चारचौघांत सांगितलं की तुझा डाग तुझ्या पापाचा आहे. या वेळी छापून.

रिबका


पुणे, सोमवार, २९ मे

आत्या,

एकोणीस दिवस तुला लिहिलं नाही. शिराने दोनदा विचारलं, बरा आहेस ना. बरा होतो. तुझं पत्र पडद्यावर उघडं होतं आणि मला तुझी किळस आली होती. तुझं अक्षर, ते गोल, सुंदर वळण, ते बघवेना. ही स्पष्ट भाषा तुलाच आवडते म्हणून लिहितो.

मग रात्री तीच दहा नावं मोजत होतो आणि माझ्या लक्षात आलं की मी शिमशोन काकांचं नाव एक आकडा म्हणूनच मोजतोय. तुझ्यापेक्षा मी कुठे वेगळा? तू निदान स्वयंपाकघरात हळू आवाजात बोललीस. मी वीस प्रती काढल्या.

मुकादमांना जाऊन सांगितलं की आपण त्यांची माफी मागू या. ते म्हणाले, "कशाची? आपण तोराच वाचली ना? आणि तुझी चिंता दहाव्याचीच आहे ना, एखादा इस्रायली टुरिस्ट धरून आणू. हॉटेलात असतात पडलेले." जणू बाबांचं कद्दीश म्हणजे क्रिकेटची मॅच आणि एक गडी कमी पडलाय. मी जिना उतरलो आणि खालच्या नळावर तोंड धुतलं.

काल रविवारी खराडीला गेलो. दोन बस बदलल्या. काचेच्या उंच इमारतींच्या मागे जुनं गावठाण आहे, तिथे एका चाळवजा घरात ते एकटे राहतात. रेल्वेच्या गोदामातून निवृत्त झालेत. खाली विजयमालाबाई म्हणून शेजारीण भाजी निवडत बसल्या होत्या. मी पत्ता विचारला तर मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "त्यांच्याकडे? एकतीस वर्षांत कुणी आलं नाही. विम्याचे आहात का?"

काकांनी दार उघडलं. मी दारातच थांबलो. "या आत," ते म्हणाले, "की तुम्हीही दाराजवळच बसता?"

आत गेलो. खोली लख्ख होती, माझ्या घरापेक्षा स्वच्छ. माझीच नजर घाण शोधत होती. त्यांनी पाण्याचा पेला दिला. मी तो हातात धरून बसलो. त्यांनी बघितलं. 

मी सगळं सांगितलं. तीन ओळी होत्या, मी काढल्या. फोनवर तुझं पत्र मोठं करून समोर धरलं. त्यांनी भिंग काढलं. खूप वेळ लागला. मला वाटलं डोळ्यांना त्रास होतोय. मग म्हणाले, "अक्षर तसंच आहे." थोड्या वेळाने, "तीन ओळी का काढल्यास?"

"पान संपलं होतं, काका."

"हं. पान नेहमी इथेच संपतं."

मग त्यांनी उशाशी ठेवलेलं मराठी पुस्तक उघडलं. तुझं छापील पान त्यात खूण म्हणून होतं. तझरियाच्या भागातल्या तेराव्या अध्यायावर बोट ठेवून म्हणाले, "हे वाच. वाचणारे सगळे डागापाशी थांबतात. पुढे जात नाहीत." तिथे लिहिलंय की डाग सगळ्या अंगभर पसरला आणि माणूस डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला, तर याजकाने त्याला शुद्ध म्हणावं. मी दोनदा वाचलं. आत्या, मी हा भाग जेवण टाकून वाचला होता आणि ही ओळ मला दिसली नव्हती.

"मी एकोणीसशे अठ्ठ्याण्णवपासून शुद्ध आहे," काका म्हणाले. "कुणी बघायला आलं नाही, एवढंच."

मी म्हटलं, "आपल्या बेने इस्राएलांत कोहेनच नाहीत काका. याजक नाही तर बघणार कोण?"

"तेच मी विचारतोय. याजकाशिवाय कुणाला शुद्ध म्हणता येत नाही हे बरोबर. पण मग याजकाशिवाय मला अशुद्ध ठरवलं कुणी? बेन्यामीन मुकादम याजक कधी झाला? त्याचा बाप माझ्याबरोबर गोदामात पोती मोजायचा."

मी बाबांच्या वर्षाचं विचारलं. याल का? ते म्हणाले, "सॅम्युएलसाठी येईन म्हणालो असतो. पण लिहिलंय काय? याजक छावणीबाहेर जातो. आजारी माणसाला आत बोलावून बघत नाही. मी एकतीस वर्षं दोन बस करून आत येत होतो. आता छावणीला खराडीला येऊ दे. बुधवारी संध्याकाळी साडेपाच. कद्दीश इथे होईल. सरबत मी करतो."

निघताना मी पाणी प्यायलो. गार होतं. घोटागणिक थांबत होतो. तरी संपवलं. त्यांनी पेला घेतला आणि म्हणाले, "सॅम्युएललाही पहिल्यांदा, तिथल्या बाकावर, असाच वेळ लागला होता."

आता मला आठ माणसांना खराडीला न्यायचं आहे. ते येतील असं मला वाटत नाही.

योना


दिमोना, गुरुवार, १ जून

योनाबाळा,

तुझी किळस योग्य जागी पोचली. ती तिथेच राहू दे, लगेच पुसू नकोस.

यंदा शावुओतचा सण शुक्रवारी आला, तुमच्याकडे तो शनिवारीही चालला, म्हणून तुम्ही पाराशात आमच्या एक आठवडा मागे पडलात. तुझ्याकडे जे पुढच्या शनिवारी येईल ते माझ्याकडे या शनिवारी आहे. म्हणजे मिर्यामची गोष्ट. ती भावजयीविषयी वाईट बोलली आणि बर्फासारखी पांढरी झाली. लहानपणी हे शिकताना मला फक्त शिक्षा आठवायची. आज पुढचं वाचलं. सात दिवस ती छावणीबाहेर होती आणि तोवर सगळे लोक थांबले. तंबू उपटले नाहीत. ती परत आल्यावरच निघाले.

बोलणारीसाठी सहा लाख माणसं थांबली. ज्याच्याविषयी बोललं गेलं त्याच्यासाठी आपण एक बससुद्धा थांबवली नाही.

मी त्याला पत्र लिहायला बसले होते. तीन वेळा फाडलं. पन्नास वर्षांनी "क्षमा कर" म्हणणं म्हणजे आपल्या मनाचं ओझं त्याच्या दारात टाकून येणं. तो आधीच दारात बसलाय. तू मात्र त्याने विचारलं तर सांग, की घड्याळाखालचा डाग मी बघितला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं होतं. त्याला कळलं होतं की मला दिसलंय, आणि तो हसला होता. त्याला वाटलं मी सांभाळून घेईन.

लोकांना खराडीला ने. ट्रॅफिकची सबब सांगतील. ऐकू नकोस. तुझ्या बाबासाठी जितके येतील तितके.

आत्या


पुणे, गुरुवार, ८ जून

प्रिय आत्या,

शालोम. कालचं सगळं क्रमाने लिहितो.

मी आठही घरी गेलो. मुकादम म्हणाले, "खराडी? साडेपाचला? मुंढव्याच्या पुलावर अडकलो तर शावुओत परत येईल." मी म्हटलं, "केदारदादा दुकानाची गाडी देतायत, फक्त बसायचंय." बाकीचे सात जण बाबांसाठी तयार झाले. दोघांनी विचारलं, तिथे खायचं-प्यायचं नाही ना? मी म्हटलं, तुमची मर्जी. मुकादम शेवटपर्यंत हो म्हणाले नाहीत. मात्र गाडी निघताना इस्त्रीचा सदरा घालून फाटकात उभे होते. "मोजायला कमी पडलं तर नाव माझं खराब होईल," म्हणाले. पहिल्या पत्रात मीही तुला हेच वाक्य लिहिलं होतं. बाबांच्या नावाबद्दल.

केदारदादा गाडी चालवत होते. वाटेत विचारलं, "दहा कमी पडले तर मला मोजा की, मी आंघोळ करून आलोय." सगळे हसले. गाडी सव्वापाचला पोचली. पूल रिकामा होता.

विजयमालाबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "अहो, एवढे? म्हणजे विमा नाही तर."

खोलीत चटई अंथरली होती. बाबांचा एक फोटो होता, मी कधी न बघितलेला, दोघं तरुण, कुठल्यातरी तळ्याकाठी. चांदीचा नव्हे, पितळेचा एक पेला, सरबताने भरलेला. शेजारी प्लास्टिकचा एक कप. मी घाबरून बघितलं. काका म्हणाले, "ते मुकादमांसाठी. त्यांना सवय आहे द्यायची, घ्यायचीही होईल."

सात जण आत येऊन बसले, काका आणि मी धरून नऊ. मुकादम उंबऱ्यापाशी थांबले. रुमाल नाकाशी. खोलीत अगरबत्तीशिवाय कसलाही वास नव्हता. "मी इथूनच ठीक आहे," ते म्हणाले.

मला वाटलं आता काका त्यांना हाकलून देतील. बाबांचं कद्दीश त्या उंबऱ्यावर अडकलं होतं. एक माणूस दारात उभा असेल तर तो मोजायचा की नाही? मी काकांना तसं विचारलंही, कुजबुजत.

काका मोठ्याने म्हणाले, "मोजायचा. मला एकतीस वर्षं तिथूनच मोजलं. दहा झाले. उभे राहा."

प्रार्थना त्यांनी चालवली, पुस्तक न उघडता. मी कद्दीश म्हटलं. दोनदा अडखळलो. तिसऱ्या ठिकाणी अडखळलो तेव्हा काकांनी शब्द दिला, बाबा द्यायचे तसा, ओठ न हलवता. आत्या, बाबांचं झालं.

मग हातबोशी. वयाने सगळ्यांत मोठे काका, म्हणून सुरुवात त्यांनी केली आणि पहिले हात त्यांनी माझे घेतले. हात कोरडे आणि गरम होते, कुठल्याही म्हाताऱ्या माणसाचे असतात तसे. मग मला माझी बोटं ओठांना लावायची होती. पोटात तेच आलं जे नेहमी येतं. लावली. मी पुढे हात दिले, ते पुढे, साखळी भिंतीला वळसा घालून उंबऱ्यापाशी गेली. शेवटच्या माणसाने हात बाहेर काढून धरले. मुकादम वाकले आणि चपला शोधायला लागले. त्या त्यांच्या पायातच होत्या.

सरबत चार जण प्यायले. पाचवा मी. प्लास्टिकचा कप भरलेला राहिला. काकांनी तो स्वतः मोरीत ओतला. रुमालाने धरून.

निघताना मी तुझं सांगितलं, हसण्याचं. त्यांनी मनगट चोळलं. म्हणाले, "तिला दिसलं होतं हे मला माहीत होतं. मी हसलो ते लाजून. सांभाळून घ्यायचं वगैरे एवढं कुठलं डोकं, चोवीस वर्षांचा होतो." मग म्हणाले, "तिला लिही, उत्तर द्यायचं असेल तर दोन्ही बाजूंनी लिही म्हणावं. मी मागची बाजू वाचतो."

इथे पत्र संपवता आलं असतं. चांगलं वाटलं असतं. पण पुढचं घडलं आणि ते कापणार नाही.

गाडी हायवेला लागल्यावर मुकादमांनी खिशातून हात धुण्याचं ते जंतुनाशक काढलं. स्वतः घेतलं आणि बाटली शेजारच्याला दिली. त्याने घेतलं, मग त्याच्या शेजारच्याने. मोठ्यांपासून धाकट्यांकडे, त्याच क्रमाने, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती.  फक्त तळहात चोळल्याचा आवाज. जे सरबत प्यायले होते त्यांनीही घेतलं. मला भयंकर किळस आली, आतड्यांपासून. मी म्हणणार होतो, गाडी थांबवा, मी उतरतो. बाटली माझ्याकडे आली, आणि बघतो तर माझा तळहात आधीच पुढे झालेला होता. शेजारच्याने त्यावर दोन थेंब टाकले. मी ते चोळले.

केदारदादांनी आरशातून बघितलं. "मला नको का?" म्हणाले. कुणी हसलं नाही.

रात्री घरी दोनदा साबणाने हात धुतले. त्यांचा स्पर्श जावा म्हणून नव्हे, तो वास जावा म्हणून. गेला नाही. आत्ता लिहितानाही येतोय.

परवा शनिवारी आमच्याकडे मिर्याम आहे. काका येतील की नाही ते बोलले नाहीत, मी विचारलं नाही. मी मुकादमांना निरोप पाठवलाय की पुढच्या रांगेतली माझी जागा रिकामी झाली, कुणाला हवी तर द्या. मी दाराजवळच्या बाकावर बसणार आहे. ते आले तर साखळी माझ्यापर्यंत येईल आणि मी ती पुढे देईन. आले नाहीत तर आम्ही नऊ, कपाट बंद, आणि माझ्या शेजारची जागा मोकळी.

या आठवड्याचं पानही मीच लिहितोय. तू सांगितलेलं सगळं घेतलंय, घड्याळासकट. पन्नास वर्षांपूर्वीच्या हजानांचं एकही वाक्य नाही. मजकूर दुसऱ्या बाजूवर गेला. मग मी तिसरं पान जोडलं.

तुझा,
योना